मंदाग्नीचा इतिहास : खायफंगचा वेढा ते पुण्याची मंडई

१/ मंडईच्या परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानांत सुंठ, ओवा, हिंग, हिरडा आजही वजनावर मिळतात. समाजमाध्यमांवर मात्र पचनाची औषधे ‘अग्नी’, ‘ची’ आणि ‘ऊर्जा’ अशा भारदस्त शब्दांनी विकली जात आहेत. या शब्दांमागचा इतिहास भरल्या पोटाचा नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/ जाठराग्नी मंद झाला की अन्न पचत नाही, ‘आम’ साठतो आणि रोग मूळ धरतात, असे आयुर्वेद मानतो. वाग्भटाने तर सर्वच रोगांचे मूळ मंदाग्नीत पाहिले.

३/ चिनी वैद्यकात हे काम प्लीहा आणि जठर या जोडीकडे आहे. अन्नापासून ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, तीच निर्माण करते. आधुनिक शरीरशास्त्रात प्लीहा अन्न पचवत नाही. येथे ते नाव अवयवापेक्षा कार्याचे आहे. ‘ची’च्या पारंपरिक लिपिचिन्हात वाफेच्या खुणेखाली तांदळाची खूण आहे, हे लक्षात असू द्यावे.

४/ इ.स. १२३२. जिन राजवटीची राजधानी खायफंग मंगोल सैन्याने वेढली. वेढा सैल झाल्यावर शहरात मृत्यूचे थैमान सुरू झाले. ली तुंगयुआन (११८०–१२५१) हा वैद्य त्याचा साक्षीदार होता. सुमारे तीन महिने वेशीवेशीतून प्रेते बाहेर जात होती, असे त्याने नोंदवले आहे.

५/ इतर वैद्य बाहेरून शिरलेल्या रोगावर उपचार करत होते. ली म्हणाला, ही माणसे उपासमार, अतिश्रम आणि भय यांनी आधीच आतून झिजलेली आहेत. त्यांना बळ द्या. या विचाराचा विस्तार त्याच्या ‘पी वेइ लुन’ (१२४९) या ग्रंथात आहे. ती प्रत्यक्षात साथ असावी, असेही काही इतिहासकार मानतात. तरीही रोग्याच्या पोटाची पूर्वकथा विचारणारा त्याचा प्रश्न शिळा होत नाही.

६/ हाच प्रश्न १८७७ मध्ये आपल्या मुलखात उभा राहिला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड (सुमारे ४५० ग्रॅम) धान्य आणि वर अल्प रक्कम, इतकी खाली आणली. मद्रासचे डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. कष्टणाऱ्या देहाला किती अन्न लागते, हा प्रश्न आता राजकारणाचा झाला होता.

७/ यात परंपरेला परके असे काही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे अख्खा मुलूख उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांची चर्चा आहे. त्याची कारणे शोधताना चरक सत्ताधाऱ्यांच्या अधर्मापर्यंत जातो.

८/ आता मंडईकडे वळू. १८८६ मध्ये ही वास्तू ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली. शिक्षणासाठी पैसा नसताना या इमारतीवर खर्च कशाला, असा आक्षेप जोतीराव फुले यांनी घेतला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) लिहून कुणब्याच्या घरातील दैन्य मांडणाऱ्या याच माणसाचे नाव पुढे मंडईला मिळाले.

९/ याच शहरात १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. पाठीवर पोती वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात ताजे जेवण मिळावे, हा त्याचा हेतू. माझ्या मते पुण्याच्या इतिहासात मंदाग्नीवर याहून मोलाचे औषध शोधून सापडणार नाही.

१०/ सुंठ-ओव्याला माझा विरोध नाही. घरोघरी ते असतात आणि असावेत. आक्षेप आहे तो अर्ध्याच परंपरेच्या विक्रीला. थकलेल्या माणसाला ‘तुझा अग्नी मंद आहे’ असे सांगून बाटली हाती देणे सोपे असते. तो कधी जेवतो, काय जेवतो, किती राबतो आणि त्याला किती मजुरी मिळते, हे विचारणे अवघड असते. खायफंगच्या वैद्याने त्यातले काही प्रश्न विचारले होते. चरकानेही दोष केवळ देहात शोधला नाही. परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल, तर तिचे प्रश्नही स्वीकारावे लागतील.