भुलीची तालीम कोणाला हवी?

गेवराई तालुक्यातील चकलांबा किंवा आसपासच्या गावातून अडलेल्या गरोदर बाईला हलवताना खरी अडचण अनेकदा भुलीची असते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतात, पण भूल देणारे नसले की गाडी पुढे बीड किंवा अंबाजोगाईकडे न्यावी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठीच केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूल प्रशिक्षण आखले.

एवढ्या काळात नेहमीची भूल शिकता येते. मात्र पाठीतून दिलेली भूल नको तितकी वर चढली, रक्तदाब कोसळला, श्वास थांबू लागला, असा प्रसंग शिकणाऱ्यासमोर येईलच असे नाही. न आलेलाच बरा. त्याची सवय होणार कशी?

यावर उत्तर आहे कृत्रिम रुग्णाचे. १९६७ मध्ये अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ नावाचा पुतळा भूलतज्ज्ञांसाठीच तयार झाला. त्याची छाती हलायची, नाडी लागायची, औषधाला प्रतिसाद मिळायचा. पुढे स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांच्या सरावाची पद्धत भूलशास्त्रात आणली आणि एकट्या डॉक्टरऐवजी सगळी टीम तालमीला उभी केली. ते का गरजेचे होते, हे २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली यांच्या मृत्यूने दाखवले. साध्या शस्त्रक्रियेआधी श्वासाचा मार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. गळ्यातून मार्ग करण्याचे साहित्य परिचारिकेने आणले होते, ते वापरलेच गेले नाही.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक झाली, हे चांगलेच. पण तिचा फायदा मुख्यतः विद्यार्थ्यांना. कमी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात एकट्याने भूल देणाऱ्या डॉक्टरचा सराव लवकर सुटतो, आणि तालीम त्यालाच जास्त हवी. सोबतच्या परिचारिकेसह, दर काही महिन्यांनी.

त्यासाठी महागड्या पुतळ्याचीच गरज आहे असे नाही. पुतळ्यामुळे किती जीव वाचतात, हे सिद्ध करणे तसेही अवघड. कौशल्य सुधारते, एवढे मात्र नक्की दिसते. साधा पुतळा, टॅबलेटवरचा मॉनिटर आणि चुका न रागावता समजावणारा प्रशिक्षक एवढ्यावर बरेच भागते. तालीम रुग्णालयातल्याच शस्त्रक्रियागृहात झाली, तर सक्शन मशीन बंद आहे किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा आहे, हेही रुग्ण टेबलावर येण्याआधी कळते.