पुराव्याचे ओझे कोणाच्या शिरावर?

२६ जानेवारी १९५० रोजी परभणी जिल्ह्यातील माणूस भारताचा नागरिक झाला, तेव्हा त्याच्याकडे कोणी जन्माचा दाखला मागितला नाही. अवघ्या सोळा महिन्यांपूर्वीपर्यंत तो निजामाची प्रजा होता. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने एवढेच पाहिले की, हा येथे स्थायिक आहे आणि तो किंवा त्याचे आईबाप येथे जन्मले आहेत, अथवा निदान पाच वर्षे तो येथे राहत आहे. पुढे शासनाच्या माणसांनीच गावोगाव हिंडून मतदारांची नावे लिहून घेतली. ज्या संस्थानात रयतेला मत ही वस्तूच ठाऊक नव्हती, तेथील रयतेने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. आणि परभणीने तर काँग्रेसची लाट असताना शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार लोकसभेत पाठवला. मतदाराला शोधून काढणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले होते. तो क्रम आता उलटा करण्यात येत आहे.

२४ जून २०२५ रोजी निवडणूक आयोगाने मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. आरंभ बिहारपासून झाला, तरी आदेश संपूर्ण देशासाठी असल्याचे आयोगाने तेव्हाच सांगून टाकले होते. २००३ च्या यादीत ज्याचे नाव नाही त्याने आपल्या जन्माचा पुरावा द्यावा. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याने आई किंवा वडिलांचाही द्यावा. २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याने दोघांचाही द्यावा. ग्राह्य कागद अकरा. त्यांत पासपोर्ट होता, मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते, सरकारी नोकराचे ओळखपत्र होते. शिधापत्रिका नव्हती, आधार नव्हते, आणि आयोगाने स्वतःच्या शिक्क्यानिशी दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी बजावल्यावर आधार बारावा कागद म्हणून स्वीकारण्यात आले, तेही ओळखीपुरते, नागरिकत्वासाठी नव्हे.

हे कागद परभणीत कोणाजवळ असतात, याचा विचार केला पाहिजे. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्यापूर्वीचे मराठवाड्यातले दप्तर निजामी अमलातले, उर्दूत किंवा मोडीत लिहिलेले, विस्कळीत आणि अपुरे. त्याची अवस्था काय आहे, हे शासनानेच २०२३ मध्ये जगाला दाखवून दिले. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. तहसिलींची दप्तरे उघडली गेली, हैदराबादपर्यंत शोध गेला. सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासल्यानंतर पहिल्या अहवालात ज्या नोंदी हाती आल्या, त्या साडेअकरा हजारांच्या आसपास होत्या. न्यायमूर्ती, जिल्हाधिकारी, तलाठी आणि मोडीवाचक मिळून जे कागद शासनाला सापडत नाहीत, ते पालम तालुक्यातील भूमिहीन मजुराने ट्रंकेतून काढून दाखवावेत, अशी ही अपेक्षा आहे.

बरे, आज जाऊन नवा दाखला काढावा, तर तोही मार्ग अरुंद करून ठेवलेला. बांगलादेशींना खोटे दाखले मिळाल्याच्या आरोपांवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिरा नोंदवलेल्या जन्माचे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये नियम अधिक कडक केले. एका खात्याने कागद मागावा आणि दुसऱ्याने तो देण्याचे बंद करावे, या न्यायाला काय नाव द्यावे?

स्त्रियांची अडचण तर वेगळीच आहे. लग्नाबरोबर आडनाव बदलते, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, आणि कित्येक घरांत मुलीचे पाळण्यातले नावही सासरी बदलतात. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर, असलाच तर, एक बाई आणि शिधापत्रिकेवर दुसरी. माहेर नांदेडच्या पलीकडे किंवा बिदरकडे, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्याच्या आज तिसऱ्याच प्रांतात गेलेल्या भागात. तिने आपल्या आईबापांशी असलेले नाते कोणत्या कागदाने जोडावे? १९५१-५२ च्या याद्यांतून सुमारे २८ लाख स्त्रिया वगळल्या गेल्या, कारण त्यांनी स्वतःच्या नावाऐवजी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. ती उणीव पुढे कष्टाने भरून काढण्यात आली. आता तीच बाई नाव सांगते, तर तिचे नाव जुळत नाही म्हणून ती बाहेर.

दाखला फुकट मिळत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले सत्य आहे. तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे, बुडालेला रोज, प्रतिज्ञापत्राचा खर्च, झेरॉक्स, अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे, आणि साहेब जागेवर नाहीत म्हणून दुसरी खेप. नोकरदाराला यातले काहीच पडत नाही. त्याचे कागद कपाटात लॅमिनेट करून ठेवलेले असतात. सर्वांना सारखी दिसणारी ही अट प्रत्यक्षात गरिबावर बसवलेला कर आहे. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण पाहून मताचा हक्क मिळत असे. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ती पद्धत गाडून टाकली. तीच आता मागल्या दाराने परत येत आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: मग परकीयांना मतदान करू द्यायचे काय? मुळीच नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सोळावे कलम परकीयाला यादीत येऊ देत नाही, आणि खोटे निवेदन करणाऱ्याला एकतिसाव्या कलमाखाली कैद होऊ शकते. कोणाच्या नावावर आक्षेप असेल त्याने तो नोंदवावा, पुरावा द्यावा, सुनावणी व्हावी. मुंबईत माटुंगा भागात झोपडपट्टीतील मतदारांना नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली त्या कारवाईला पायबंद घातला: ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते विधिवत तपासणीनंतरच आले असे धरले पाहिजे, आणि त्याचे म्हणणे नीट ऐकल्यावाचून ते काढता येणार नाही.

अमेरिकेतील कॅन्सस राज्याने नोंदणीसाठी नागरिकत्वाच्या पुराव्याची सक्ती केली, तिच्यामुळे ३१ हजारांहून अधिक अर्जदार अडकून पडले. २०१८ साली न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, तेव्हा जवळजवळ दोन दशकांत नोंदणी झालेल्या वा नोंदणीचा प्रयत्न केलेल्या परकीयांचा सिद्ध आकडा काही डझनांपलीकडे गेला नव्हता. बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. त्यांची आयोगाने दिलेली वर्गवारी मयत, स्थलांतरित वा न सापडलेले आणि दुबार अशी होती. परकीय हा वर्ग तीत नव्हताच. ज्या घुसखोराच्या नावाने एवढे रण माजवले, तो आकड्यांत दिसू नये हे नवलच म्हणायचे.

याद्या स्वच्छ नाहीत हे मात्र खरे आहे, आणि ते विरोधकांनीच मांडले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत निघालेला मोर्चा दुबार आणि बोगस नावांविरुद्धच होता. मयताचे नाव ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीवरून काढता येते, दुबार नाव संगणकाला सापडते. या दोन्ही कामांसाठी जिवंत मतदाराच्या आईबापांचा जन्मदाखला लागत नाही. स्वच्छतेच्या मागणीचे नागरिकत्वाच्या चौकशीत रूपांतर होऊ देणे ही विरोधी पक्षांची घोडचूक ठरेल, आणि काहींच्या भाषणांतून तिची चाहूल लागतही आहे.

दुसऱ्या टप्प्यात गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेश घेण्यात आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या टप्प्यात घरोघर अर्ज भरून घेण्याचे काम ४ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाले. त्याच दिवसांत गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतील ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन टोळ्याटोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे. बीएलओ अशा दारावर तीन खेपा घालील आणि वहीत ‘स्थलांतरित’ असे लिहील. नियमाप्रमाणे त्याचे काहीच चुकलेले नसेल. म्हणून परभणीतील पक्षांनी आणि संघटनांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे आताच दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात: कोणतीही फेरतपासणी टोळ्या गावी परतल्यानंतर, मे-जूनमध्ये व्हावी, आणि जो कागद शासनाच्या दप्तरात असायला हवा, तो शोधण्याचे काम तहसील कचेरीने स्वखर्चाने करावे.