येणारच होते, त्यांना सवलत कशाला?

२०२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने डेटा सेंटरवाल्यांची चांदी केली. भारतातलं डेटा सेंटर वापरून जगभर क्लाउड सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांना थेट २०४७पर्यंत करमाफी! इथे यंत्रं ठेवली म्हणून जगभरची कमाई आपल्या प्राप्तिकर खात्याच्या तावडीत सापडेल, ही या कंपन्यांची धास्ती होती. ती घालवली, हे एक वेळ ठीक. माझी तक्रार राज्याराज्यांत लागलेल्या बोलीबद्दल आहे.

उत्तर प्रदेश, तमिळनाडू, तेलंगण, सगळ्यांची डेटा सेंटर धोरणं तयार आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली, तेव्हापासून तर चढाओढ आणखी वाढली. महाराष्ट्राच्या २०२३च्या आयटी धोरणातही डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सूट आहे. मुद्रांक शुल्क एकदाच बुडतं. वीज शुल्काचं तसं नाही. डेटा सेंटर म्हणजे रात्रंदिवस वीज खाणारा कारखाना. त्याच्याकडून राज्याला वर्षानुवर्षं जे मिळू शकतं, नेमकं तेच आपण सोडून देतो.

आणि कोणासाठी? ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल इथे ही केंद्रं उभी राहिली, कारण समुद्राखालच्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, आणि बँका व शेअर बाजार मुंबईत आहेत. शेअर बाजाराच्या व्यवहारात सेकंदाचा हजारावा भागही मोलाचा. ही गिऱ्हाइकं सवलत नसती तरी फार लांब गेली नसती.

रोजगाराचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याकडे पाहा. जगातली सर्वात मोठी डेटा सेंटरांची वस्ती तिथली. त्या राज्याने २०२३ या आर्थिक वर्षात विक्रीकराच्या सवलतीपोटी सुमारे ९३ कोटी डॉलर सोडले. तिथल्या विधिमंडळाच्या आढावा आयोगाने २०२४च्या अहवालात लिहिलं आहे की अडीच लाख चौरस फुटांच्या केंद्राच्या बांधकामावर ऐन भरात दीड हजार माणसं असतात. केंद्र सुरू झालं की उरतात साधारण पन्नास. तरीही तिथल्या लाउडन काउंटीची तिजोरी भरलेली आहे. ती मात्र मालमत्ता कराने. इमारतीवर कर, आतल्या संगणकांवरही कर. राज्याने सोडलं, काउंटीने वसूल केलं. आपल्या महापालिकांनी हे जरूर वाचावं.

सवलत अजिबात देऊ नये, असं मी म्हणत नाही. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला कोणी केंद्र उभारत असेल तर द्या, मुदत घालून द्या. पण नवी मुंबईत कशासाठी? आणि देतच असाल, तर कोणत्या कंपनीला किती शुल्क माफ झालं आणि तिथे कायमचे किती लोक कामाला लागले, हे दोन आकडे सरकारने दरवर्षी विधिमंडळात मांडावेत. वाचकहो, येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला एवढा प्रश्न विचारायला सांगा.