टाळ्या वाजवून झाल्यावर

चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरता उतरता बेपत्ता झाला. देशभर लोक जागे होते. अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं, इस्रोला धीर देणारे संदेश दिवसभर फिरले आणि आठवड्याभरात बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे वळलं. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुण अभियंत्याचं मात्र वळलं नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्या भागाची काढलेली छायाचित्रं महिनाअखेरीस सर्वांसाठी खुली झाली. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात सुब्रमण्यन जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवून ठिपका न् ठिपका ताडून पाहत बसले. पूर्वी जिथे काहीच नव्हतं, अशा एका जागी त्यांना उजळ कण दिसला. त्यांनी नासाला कळवलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पडताळा घेतला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर केलं, की तो विक्रमचाच अवशेष आहे. मुख्य आघातस्थळापासून वायव्येला सुमारे ७५० मीटरवर पडलेला.

पुढे २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ सुखरूप उतरलं, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. शाळांनी मुलांना पडद्यासमोर बसवलं, चौकाचौकांत पेढे वाटले गेले. तो आनंद अस्सल होता आणि तो कमी लेखायचं काहीच कारण नाही. दुःख एवढंच, की त्या गर्दीतल्या फार थोड्यांना कुणी सांगितलं असेल, की या विषयात प्रेक्षकालाही काम मिळतं. खरं काम, ज्याची नोंद शास्त्राच्या दप्तरी राहते.

वैद्यकात किंवा रसायनशास्त्रात हौशी माणसाला प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येत नाही. आकाशाचं तसं नाही. मोठ्या दुर्बिणी मोजक्या आहेत. त्या एका वेळी आकाशाचा जेमतेम चिमूटभर तुकडा पाहतात आणि त्यांच्यावरचा वेळ मिळवायला शास्त्रज्ञांना महिनोन् महिने आधी अर्ज करावा लागतो. एखाद्या ताऱ्यावर वर्षानुवर्षं रोज नजर ठेवायची, तर ती चैन त्यांना परवडत नाही. ती हौशी निरीक्षकाला परवडते. १७८१ मध्ये युरेनस शोधणारा विल्यम हर्शल तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ गावात संगीताच्या शिकवण्या करून पोट भरत होता, आणि दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासून तयार केला होता.

आपल्या उपखंडातलं या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. राधागोविंद चंद्र हे बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात काम करत. शालान्त परीक्षेचाही शिक्का त्यांच्यावर नव्हता. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी साध्या द्विनेत्रीतून न्याहाळला आणि मग पदरमोड करून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवा तारा झळकला, तेव्हा जगातल्या ज्या थोड्या लोकांना तो तातडीने ध्यानात आला त्यांत ते होते. त्यांच्या नोंदी हार्वर्ड वेधशाळेपर्यंत पोचल्या. अमेरिकेत १९११ मध्ये रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना सुरू झाली होती; तिने या कारकुनाला सभासद करून घेतलं आणि काम पाहून १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण थेट जेसोरला धाडली.

ते करत काय? ज्याचं तेज कमी-जास्त होतं असा एक तारा निवडायचा, आजूबाजूच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायची, अंदाज आणि वेळ वहीत टिपायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा बंगालमध्ये रात्र असते, म्हणून त्यांची नोंद हुकली तर त्या ताऱ्याच्या आलेखात तेवढी जागा कोरी राहायची. अशा ३७ हजारांहून अधिक नोंदी त्यांनी केल्या. फाळणीनंतर त्यांना जेसोर सोडून पश्चिम बंगालमध्ये यावं लागलं. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंच्या हाती गेली, ज्यांच्या नावाची वेधशाळा आज तमिळनाडूत कवलूरला आहे. पदवी, पगार, पद यांपैकी काहीही या कामासाठी राधागोविंदांना मिळालं नव्हतं. निव्वळ आवड होती आणि ती त्यांनी शिस्तीला बांधली होती.

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येला दिसलेला हेल-बॉप धूमकेतू आज चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. त्याच्या दोन शोधकांपैकी थॉमस बॉप बांधकाम साहित्याच्या कंपनीत नोकरीला होते. त्यांच्याकडे दुर्बीणही नव्हती. मित्राच्या दुर्बिणीतून तारकागुच्छ पाहताना शेजारी एक अस्पष्ट पुंजका दिसला आणि तो नकाशात नाही, हे त्यांनी लगेच ताडलं. आकाश पाठ असल्याचा हा लाभ.

महाराष्ट्राला या बाबतीत सबबी सांगायला जागा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. हौशी खगोलप्रेमींची देशातली ही सर्वांत जुनी संस्था. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या मागच्या फेरीच्या सुमारास उभं राहिलं आणि वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनातून कितीतरी मुलं पहिल्यांदा शनीची कडी पाहून परतली. नारायणगावजवळ खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांनी टिपलेली माहिती घरबसल्या चाळून अनोख्या दीर्घिका हुडकायचं प्रशिक्षण ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम २०१३ पासून साध्या विज्ञान पदवीधरांना देतो आहे. म्हणजे वाट आहे, वाटाडेही आहेत.

नाहीशी होत चालली आहे ती रात्र. जॉन बॉर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये आकाशाचा काळोख मोजायची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. नववी पायरी म्हणजे महानगराचं आकाश, जिथे चंद्र, ग्रह आणि बोटांवर मोजण्याएवढे तारे तेवढे उरतात. आपली मोठी शहरं तिथेच पोचली आहेत. आकाशगंगेचा पट्टा न पाहताच म्हातारं होणं आता मुंबई-पुण्यात सहज शक्य आहे. एलईडी दिवे स्वस्त झाले, त्यामुळे गरज नसलेल्या ठिकाणीही ते लागले, आणि त्यांतला बराच उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी वर जातो. ही उधळपट्टी आहे. विजेची, पैशांची आणि आकाशाची.

आणि ती थांबवता येते, हे याच राज्यात सिद्ध झालं आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी भोवतालच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचं तोंड जमिनीकडे वळवण्यात आलं. गावं अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड राहिला आणि वर तारे परत आले. हे जर पेंचला जमतं, तर प्रत्येक जिल्हा नियोजन समितीला एक तरी माळरान, एक तरी गडाचा पायथा असा राखता यायला हवा. महापालिकांनी नवे दिवे घेताना वरून झाकलेलेच घ्यावेत, एवढी अट निविदेत घातली तरी मोठा फरक पडेल. आणि ज्या शाळेच्या कपाटात दुर्बीण कुलपात आहे, तिथल्या मुख्याध्यापकांनी ती महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपास, गच्चीवर न्यावी. काच फुटेल या भीतीपेक्षा ती कधीच वापरली न जाण्याचं नुकसान मोठं आहे.

ज्यांच्याकडे दुर्बीण नाही, त्यांनीही थांबू नये. दर डिसेंबरला १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. शहराच्या दिव्यांपासून दूर जावं, चटई टाकून उताणं पडावं, डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्यावी. मग घड्याळ लावून तासाभरात किती उल्का दिसल्या, कोणत्या वेळी, ढग किती होते, सर्वांत मंद तारा कोणता दिसत होता, हे वहीत लिहावं. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरातल्या हौशी निरीक्षकांकडून अशा नोंदी घेते आणि त्यांवरूनच त्या वर्षीच्या वर्षावाचा आलेख तयार होतो. चांद्रयानासाठी टाळ्या वाजवलेल्या प्रत्येकाने येत्या डिसेंबरात हा एक तास द्यावा, आणि आपला आकडा पाठवून द्यावा.