घटाची माती

लिंबायतच्या चाळींत अंगण कुठले? नवरात्रात घटासाठी मातीही विकत आणावी लागते आणि दसरा झाला की कित्येक घरांतून ती टाकून दिली जाते. मी ठेवून घेतो. नऊ-दहा दिवस गव्हाचे कोंब बहुतांशी दाण्यातल्या साठ्यावरच वाढतात; मातीचा कस फारसा जात नाही. देवाची माती भाजीला कशी, असे वडीलधारे विचारतात. शेतातली माती तरी कोणाची, असे मी म्हणतो.

मुळांचे जाळे काढून, ढेकळे फोडून माती गच्चीवर तीन-चार दिवस उन्हात वाळवावी. ओली राहिल्यास बुरशी धरते, नवी रोपे बुडाशी कुजतात. मग तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत मिसळून उन्हाच्या खिडकीत मेथी पेरावी. महिन्याभरात जुडी निघते.