चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या अस्थिस्वास्थ्याविषयी निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर.

प्रत : मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती, पालघर.

विषय : मध्यमवयीन स्त्रियांची अस्थितपासणी व त्यांना मानवेल अशा योगाभ्यासाचे नियमित वर्ग यांची तजवीज करण्याबाबत.

महोदय,

पालघर शहर, बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा आणि सातपाटी, मुरबे, नांदगाव, दांडी ही किनाऱ्यावरची गावे येथे राहणाऱ्या आम्ही खाली सह्या व अंगठे करणाऱ्या स्त्रिया, ज्यांपैकी कोणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी धरतात, कोणी कारखान्यात दिवसभर उभ्या राहतात, कोणी वाडीत भाजी खुडतात, तर कोणी घरची चूल आणि वृद्ध सासूसासरे सांभाळतात, हे निवेदन आपल्या दप्तरी विनयपूर्वक दाखल करीत आहोत.

हाड एकदा घडले म्हणजे कायमचे झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते जन्मभर झिजत आणि भरत असते, तिशीच्या सुमारास त्याची घनता परमावधीस पोहोचते, आणि पुढे पाळी जाऊन इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचे संरक्षण सुटले की लगतच्या पाच-सात वर्षांत त्याचा ऱ्हास इतक्या वेगाने होतो की काही स्त्रियांच्या अस्थिसंचयाचा पंचमांशही त्या अवधीत खर्ची पडतो. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच होत असल्याने ही झीजही लवकर सुरू होते. तिची वर्दी मात्र कोणालाच मिळत नाही. ओल्या ओट्यावर पाय घसरून मनगट मोडते, किंवा पाठीचा मणका आतल्या आत दबून उंची कमी होते, तेव्हा कोठे ती उघडकीस येते. आणि तोवर ‘वय झाले, पाठ दुखायचीच’ एवढ्या एका वाक्यावर त्या स्त्रीची बोळवण झालेली असते.

आता योगाविषयी, कारण आमच्या मागणीचे मूळ तेथे आहे. ज्या वर्षी १ ऑगस्ट रोजी आपला जिल्हा ठाण्यापासून स्वतंत्र झाला, त्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या ११ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन म्हणून मान्य केला, आणि पुढील वर्षापासून तो शाळाकचेऱ्यांतून साजरा होत आला आहे. या उत्सवाबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु वीस वर्षांचा विद्यार्थी आणि पंचावन्न वर्षांची कोळीण यांना एका रांगेत उभे करून एकाच आज्ञेवर कमरेतून पुढे वाकवणे हे तिच्या पाठीच्या कण्यास अपायकारक ठरू शकते, ही गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले होते त्यांच्यापैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांची पुन्हा मोडतोड झाली, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के राहिले. अभ्यास लहान होता हे खरे. तथापि त्याचा इशारा स्पष्ट आहे. ठिसूळ हाडांच्या स्त्रीस पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन ही पुढे वाकवणारी आसने सरसकट सांगता कामा नयेत. तिला ताडासन, भिंतीच्या आधाराने वृक्षासन, वीरभद्रासन, बेताने भुजंगासन व सेतुबंधासन हीच उपकारक होत.

केवळ आसनांनी झिजलेले हाड पुन्हा भरून येते, असा दावा आम्ही करीत नाही, कारण तो अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. परंतु बहुतेक वेळा हाड मोडते ते पडल्यामुळे, आणि पडणे टळते ते पायांतील बळामुळे व शरीराच्या तोलामुळे. ही दोन्ही योगाभ्यासाने वाढतात, आणि त्यास चालण्याची व बेताचे वजन उचलण्याची जोड मिळाली म्हणजे हाडांसही चालना मिळते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहिल्या. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी स्थापिलेली योगसंस्था आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, सांताक्रूझ येथे, आजही कार्यरत आहे. अशी परंपरा हाताशी असताना आमच्या वाट्यास वर्षातून एकदाचा सोहळाच काय तो यावा, हे आम्हांस मान्य नाही.

सबब आमची मुख्य मागणी अशी की, जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे येथे पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस योगवर्ग चालवावेत, आणि त्यांवर नेमल्या जाणाऱ्या शिक्षिकांस वरील प्रकारच्या संस्थांकडून वैद्यकीय देखरेखीखाली अस्थिविषयक स्वतंत्र प्रशिक्षण मिळाल्याखेरीज त्यांची नेमणूक करू नये. वेळ आमच्या कामावरून ठरवावी, कचेरीच्या घड्याळावरून नव्हे : मासळीवालीस सकाळ मोकळी नसते, कारखान्यातील बाईस शिफ्ट सुटल्यावरच उसंत मिळते. जून-जुलैतील मासेमारीबंदीचा काळ किनाऱ्यावरील वर्गांच्या आरंभास सर्वांत सोयीचा आहे.

वर्गात घेण्यापूर्वी प्रत्येकीची तपासणी व्हावी. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढील व्यक्तींचा रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासला जातो. त्याच जाबत्यात हाडांचे चार प्रश्न घालावेत : पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे काय, आईचे खुब्याचे हाड मोडले होते काय, पाळी लवकर गेली अथवा शस्त्रक्रियेत बीजकोश काढले आहेत काय, स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घेतली आहेत काय. भिंतीवर फूटपट्टी लावून दरवर्षी उंची नोंदवण्यास तर काहीच खर्च येत नाही, आणि तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटरांची घट दिसली तर मणका दबल्याचा संशय घ्यावा लागतो. ज्यांच्याबाबत शंका येईल त्यांची हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रावरील तपासणी शासकीय खर्चाने व्हावी.

आहाराची बाब आम्ही थोडक्यात मांडतो. प्रौढ स्त्रीस रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि आपल्याच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीच्या शंभर ग्रॅमांत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. काट्यासकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळीही तशीच गुणकारी आहे. शासन गर्भवतीस कॅल्शियमच्या गोळ्या देते. पाळी गेलेल्या गरजू स्त्रीसही त्या व ड जीवनसत्त्व वैद्यकीय सल्ल्याने मिळावे. कारखान्याच्या छताखाली दिवस काढणाऱ्या बाईच्या अंगास ऊन लागत नाही, याचा येथे विशेष विचार व्हावा.

निधीची अडचण सांगितली जाईल, म्हणून त्याचा मार्गही नमूद करतो. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास द्यावयाचे असून, त्यात स्थानिक क्षेत्रास प्राधान्य अभिप्रेत आहे. तारापूरच्या कारखान्यांतून आमच्यापैकी अनेकींची उमेदीची वर्षे गेली आहेत. त्या निधीतून व जिल्हा नियोजन समितीच्या तरतुदीतून एक डेक्सा यंत्र व शिक्षिकांचे मानधन सहज भागावे.

तरी मेहेरबानांनी या अर्जाची दखल घेऊन, २० ऑक्टोबर या जागतिक अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) दिनापूर्वी आमच्या प्रतिनिधींस भेटीची वेळ द्यावी, आणि प्रत्येक मागणीवर काय ठरले ते लेखी कळवावे, अशी विनंती आहे.

आपल्या विनीत,
पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील स्त्रिया