दुखणे अंगाचे की मनाचे?

आपल्याकडे नैराश्याने ग्रासलेला माणूस डॉक्टरांपुढे 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाही. अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असे तो सांगतो. तपासण्या होतात, रिपोर्ट 'नॉर्मल' येतात आणि 'तुम्हाला काही झालेले नाही, मनाला लावून घेऊ नका' या उपदेशावर त्याची बोळवण होते.

बंगळूरमधील रुग्णांचा रघुराम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. अंगदुखी चारचौघांत सांगता येते, उदासी सांगितली तर कमीपणा येतो, असा त्याचा मथितार्थ. त्यावरून शारीरिक तक्रार म्हणजे मनाच्या दुखण्यावरचा मुखवटा, एवढाच निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो अपुरा वाटतो.

शरीरात कोठे दाह असला की यकृतात तयार होणारे 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' रक्तात वाढते. अमेरिकेतील आरोग्य पाहणीची आकडेवारी तपासून फिनलंडचे मार्कुस योकेला व सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले, की या प्रथिनाचे नाते प्रामुख्याने थकवा, झोप आणि भूक यांतील बिघाडाशी जुळते. खिन्नतेशी तसे स्वतंत्र नाते दिसत नाही. इंटरफेरॉनचे उपचार घेणाऱ्या अनेक रुग्णांतही आधी थकवा येतो, भूक मंदावते. उदासी काही आठवड्यांनी दिसू लागते. म्हणजे निदान काहींच्या बाबतीत अंगाची तक्रार हा मुखवटा नसून आजाराचाच भाग असावा.

म्हणून नैराश्याची रक्ततपासणी सापडली काय? मुळीच नाही. हे प्रथिन जंतुसंसर्गाने, लठ्ठपणाने, धूम्रपानानेही वाढते. अमेरिकेत अटलांटा येथे ६० रुग्णांना संधिवातावरचे इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिले गेले. २०१३ साली निष्कर्ष आले: एकंदरीत औषध आणि औषधाचा केवळ आभास यांत फरक पडला नाही. ज्यांच्या रक्तातील दाह मुळात जास्त होता, त्यांच्यातच लाभाची चिन्हे दिसली. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे पाव भागातच ही पातळी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर आढळते.

मला भीती वाटते ती येथेच. उद्या ही तपासणी एखाद्या 'पॅकेज'मध्ये शिरली, तर उरलेल्या तीन चतुर्थांश रुग्णांच्या हाती आणखी एक 'नॉर्मल' रिपोर्ट पडेल आणि त्यांचे दुःख पुन्हा एकदा खोटे ठरेल. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. तेथील रुग्ण अधिक संख्येने सुधारल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. 'झोप लागते का? कशातच मन रमत नाही असे होते का?' हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. विचारणारा माणूस मात्र लागतो, आणि तो प्रत्येक आरोग्य केंद्रात नेमण्याची जबाबदारी सरकारची आहे.